हवालदार काकांनी शाल खुर्चीवरच ठेवली : माजी सैनिकांचा सत्कार करावा की नाही?

विजापूररोडी

नमस्कार मंडळी. धागा जरा लांबेल, आधीच माफी मागून ठेवतो.

आमची सोसायटी सोलापुरात, विजापूर रोडला. यंदा मी सचिव आहे, म्हणजे टँकरपासून गणपतीच्या वर्गणीपर्यंत सगळ्या शिव्या माझ्या वाट्याला. २६ जुलैला कारगिल विजय दिवस म्हणून आजूबाजूच्या तीन सोसायट्यांनी मिळून एक छोटं मंगल कार्यालय घेतलं आणि परिसरातल्या अकरा माजी सैनिकांचा सत्कार ठेवला. पत्रिकेत वेळ पाचची. अकराही जण पाचला पाच कमी असताना हजर. प्रमुख पाहुणे उगवले पावणेसातला. तोवर ही माणसं पहिल्या रांगेत ताठ बसून, आणि साऊंडवाल्यानं देशभक्तीच्या गाण्यांचा आवाज एवढा ठेवलेला की शेजारच्याशी बोलायची सोय नाही. मग पाहुण्यांचं भाषण. त्यात कारगिल दीड मिनिट, बाकी आमच्या भागातला रस्ता कुणामुळं झाला ते. मग शाल, श्रीफळ, फोटो. शाल, श्रीफळ, फोटो. अकरा वेळा.

आमच्या सी विंगमध्ये एक निवृत्त हवालदार राहतात, पासष्टीच्या आसपासचे. नाव पुकारल्यावर ते वर गेले, शाल घेतली, नमस्कार केला, खाली आले. मग त्यांनी त्या शालीची घडी घातली. कडेला कड लावून, मधून बोट फिरवून, दुकानातनं आल्यासारखी. ती खुर्चीवर ठेवली, तिच्यावर नारळ ठेवला आणि मागच्या दारानं निघून गेले. जेवायलाही थांबले नाहीत. सोलापुरात जेवण सोडून कोण जातं ओ? त्यामुळं सगळ्यांच्याच लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी संभाजी तलावावर फिरताना गाठ पडली (आम्ही अजून कंबर तलावच म्हणतो). विचारलं, "काका, काल काही चुकलं का?" म्हणाले, "काही नाही. शाल गरम होती." आणि पुढं गेले.

तेव्हापासून डोक्यात भुंगा आहे. १५ ऑगस्ट तीन आठवड्यांवर आलाय. परत सत्कार ठेवायचा का? इथं फौजेतले कुणी असतील तर अगदी खरं सांगा. आम्ही हे जे करतो ते तुम्हाला कसं वाटतं?

चटणीभाकरी

पाहुणा वेळेवर आणा, नाहीतर आणूच नका. अर्धा प्रश्न तिथंच मिटतो.

अवांतर : शाली कुठल्या होत्या? चकचकीत पॉलिस्टरच्या असणार. चादरीच्या गावात सत्काराला बाहेरची शाल! सोलापुरी चादर दिली असती तर काकांनी निदान पांघरली तरी असती.

विजापूररोडी

होय, पॉलिस्टरच. डझनाच्या भावात मिळाल्या.

निवृत्त सॅपर

सतरा वर्षं नोकरी, नाईक म्हणून निवृत्त. खडकीचा सॅपर, म्हणजे फौजेच्या इंजिनिअर दलातला जवान. सध्या एका बँकेत सिक्युरिटीला आहे. विचारलंय म्हणून लिहितो, नाहीतर आम्ही सहसा बोलत नाही. न बोलण्याचं कारण नम्रता वगैरे नसतं. सुरुवात कुठून करावी तेच कळत नाही.

माझंच सांगतो. संसदेवर १३ डिसेंबर २००१ ला हल्ला झाला, त्यानंतर सगळी फौज सीमेवर नेऊन उभी केली. ऑपरेशन पराक्रम. सीमेच्या कडेनं सुरुंग पेरले, शेतांत, वाळूत, कॅनॉलच्या बाजूला. दहा महिने समोरासमोर उभं राहून ऑक्टोबर २००२ मध्ये परत फिरायचा हुकूम आला. लोकांसाठी विषय संपला. सुरुंग मात्र जमिनीतच होते, आणि ते काढायचे सॅपरनी.

माणसासाठी पेरायचा एक सुरुंग बूटपॉलिशच्या डबीएवढा असतो. प्लॅस्टिकचा, धातू नावाला. डिटेक्टर वाजेल याचा भरवसा नाही. म्हणून पोटावर पालथं पडायचं आणि हातात प्रॉडर, म्हणजे लांब टोकदार सळई, घेऊन जमिनीत तिरकी खुपसत जायचं. अंदाजे तीस अंशात. उभी खुपसली तर सुरुंगाच्या डोक्यावर दाब पडतो, तिरकी गेली तर त्याच्या कुशीला लागते. टोचायचं, काही लागलं नाही की दोन बोटं पुढं, परत टोचायचं. दिवसभरात किती जमीन होते ते सांगितलं तर हसाल. शिवाय नकाशावर सुरुंग जिथं दाखवलाय तिथं तो असेलच असं नाही. मधे पाऊस झालेला असतो, वाळू सरकलेली असते, शेतात पाणी फिरलेलं असतं.

माझ्या शेजारच्या पट्ट्यात काम करणाऱ्या दोस्ताचा पाय घोट्यापासून गेला. बार्शीकडचा पोरगा. आज त्याचं किराणा दुकान आहे, चांगलं चाललंय, रडगाणं नाही. पण मला स्टेजवर बोलावतात तेव्हा निवेदक विचारतो, "आपण कोणत्या युद्धात होता?" काय सांगू? युद्ध झालंच नाही की. ज्याचा पाय गेला त्याला कुठल्या दिवसाच्या यादीत घालायचं? २६ जुलैला? १६ डिसेंबरला, ७१ च्या विजय दिवसाला? त्याला आजवर कुणी शाल दिलेली नाही, आणि माझ्या खांद्यावर टाकली की ती मला टोचते.

काकांचं काय झालं ते मला माहीत नाही. पण "शाल गरम होती" हे वाक्य मला कळलं.

कडक भाकरी

सॅपरसाहेब, प्रतिसाद दोनदा वाचला. पराक्रमबद्दल इतकं जवळून पहिल्यांदाच वाचलं. सॅल्यूट.

निवृत्त सॅपर

आभार. फक्त "साहेब" नको. पलटणीत साहेब म्हणजे नायब सुभेदारापासून पुढं. मी नाईक, नुसतं फौजी म्हणा. बँकेत येणारी माणसं तसंच म्हणतात. "फौजी, एवढी स्लिप भरून द्या की." ते मला सॅल्यूटपेक्षा आवडतं.

देशप्रथम

धागाच मुळात चुकीचा आहे. तिकडं सियाचीनला जवान उणे पन्नासात बंदूक घेऊन उभा आहे म्हणून आपण इथं बसून टाइप करतोय. आणि सत्कार करायचा की नाही यावर चर्चा? अकरा शाली म्हणजे फार खर्च झाला का? कृतघ्नपणाची हद्द झाली.

निवृत्त सॅपर

दादा, राग नाही, पण सियाचीनला माझीही एक पाळी झाली आहे. तिथं माणूस फार उभा नसतो. तो फावडं घेऊन बर्फ उपसत असतो. रात्री पडलेला सकाळी, सकाळी पडलेला दुपारी. उपसला नाही तर तंबू गाडला जातो. बाकी वेळ बुखारीजवळ. रॉकेलवर चालणारी शेगडी असते ती. तिची काजळी नाकात, घशात, सगळीकडं. खाली उतरल्यावर कितीतरी दिवस थुंकी काळी पडत होती. १९८४ च्या एप्रिलपासून तिथं आपली माणसं आहेत आणि गोळीपेक्षा बर्फानं आणि विरळ हवेनं जास्त नेली.

हे ऐकून घेणारा कुणी असेल तर मी दोन तास बोलेन. "तुम्ही उभे आहात म्हणून आम्ही झोपतो" म्हटलं की माझं तोंडच बंद होतं. त्यावर उत्तर काय द्यायचं? झोपा?

पूर्वभागी

आमचं घर अशोक चौकाकडं, वडील यंत्रमागावर होते. फौजेशी काही संबंध नाही, पण एक गोष्ट या धाग्यावर आठवली.

आपल्या गावाला "हुतात्म्यांचं सोलापूर" म्हणतात. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. १९३० च्या मे महिन्यात इथं मार्शल लॉ लागला आणि १२ जानेवारी १९३१ ला या चौघांना येरवड्यात फाशी दिलं. दर १२ जानेवारीला पुतळ्यांना हार पडतात. दोन दिवसांनी सिद्धेश्वराची गड्डा यात्रा, गाव तिकडं. आणि वर्षभर "हुतात्मा" हा शब्द आपण कशासाठी वापरतो? पुण्याच्या हुतात्मा एक्सप्रेससाठी. "हुतात्मानं येतोय, पुण्यात साडेदहाला पोचतो." "हुतात्मा चुकली बे, आता एसटीनं ये."

हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही. मला ते उलट बरं वाटतं. शब्द रोजच्या तोंडात आहे. फक्त माझ्या पोरीला विचारलं हुतात्मा म्हणजे काय, तर म्हणाली सकाळची गाडी. त्या दिवशी तिला घेऊन पुतळ्यापाशी गेलो आणि चारही नावं वाचून घेतली. एक लिंगायत, एक मुसलमान, एक मराठा, एक मारवाडी. तिनं विचारलं, "हे चौघं एकमेकांचे मित्र होते का?" मला उत्तर देता आलं नाही.

जमाखर्च

शब्दावरून आठवलं. निवेदक सर्रास "शहीद" म्हणतात. संरक्षण खात्याच्या कागदावर तो शब्दच नाही, सरकारनं संसदेतही हे सांगितलेलं आहे. कागदावर असतं ते बॅटल कॅज्युअल्टी (लढाईतली) किंवा फिजिकल कॅज्युअल्टी (अपघात, आजार वगैरे). मी निवृत्तिवेतनाची प्रकरणं हाताळण्यात आयुष्य घालवलं, म्हणून सांगतो : या दोन शब्दांत एका घराचा सगळा हिशोब बदलतो.

शत्रूशी लढताना, अतिरेक्यांशी चकमकीत गेला तर पत्नीला उदारीकृत कुटुंब निवृत्तिवेतन, म्हणजे शेवटच्या पगाराएवढी पूर्ण रक्कम. सेवेमुळं झालेल्या अपघातात किंवा आजारात गेला तर स्पेशल फॅमिली पेन्शन, पगाराच्या ६० टक्के. मृत्यूचा सेवेशी संबंध नाही असं ठरलं तर साधी पेन्शन, ३० टक्के, सुरुवातीची काही वर्षं ५०. संबंध आहे की नाही हे कागदावर ठरतं. मी अशा बायका पाहिल्या आहेत ज्यांना गावानं मिरवणूक काढून "वीरपत्नी" म्हटलं आणि फायलीत मात्र त्या संबंध सिद्ध करत बसल्या. कुणाला खरंच काही करायचं असेल तर अशा घरी जाऊन कागद वाचून द्या. इंग्रजी पत्रं असतात, घाबरतात लोक. दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला असतो. म्हातारीच्या बोटांचे ठसे मशीनवर उठत नाहीत, दोन-दोन तास जातात. तिथं एक तरुण पोरगा सोबत असला की काम होतं.

बार्शी नाका

+१. माझ्या वडिलांचा अनुभव. २०२० साली राज्य सरकारनं माजी सैनिकांना एका घराची घरपट्टी माफ केली. वडील अर्ज घेऊन एका कार्यालयात तीनदा गेले (कुठलं ते सांगत नाही, गावात राहायचंय). तिन्ही वेळा "साहेब नाहीत". चौथ्यांदा वडिलांनी घरपट्टी भरून टाकली, पावती घेतली आणि अर्जाच्या फायलीतच लावून ठेवली. ती फाईल अजून आहे. विषय काढला की ते टीव्हीचा आवाज वाढवतात.

माढ्याची लेक

लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं.

जमाखर्च यांनी लिहिलेल्या ६० टक्क्यांत मी आहे. आमच्या ह्यांची गाडी जम्मूच्या बाजूला दरीत गेली. चकमक नव्हती, अपघात. मुलगा तेव्हा चार वर्षांचा होता, आता दहावीला आहे. पेन्शन वेळेवर येते, त्याबद्दल तक्रार नाही.

मला दर २६ जानेवारीला आणि १५ ऑगस्टला बोलावणं असतं. पहिल्या रांगेत खुर्ची, नावापुढं "वीरपत्नी", मोठ्ठा पुष्पगुच्छ. सगळे उभे राहतात. मी जाते, कारण मुलाला आवडतं. वडिलांचं नाव माइकवर ऐकताना तो खुर्चीत सरसावून बसतो.

पण २६ जानेवारी कधी येतो बघा. संक्रांत ते रथसप्तमी, बायकांच्या हळदीकुंकवाचे दिवस. सकाळी ज्या बायका झेंड्यापाशी माझ्यासाठी उभ्या राहतात त्यांच्याकडं संध्याकाळी वाण असतं. जिन्यात पावलं वाजतात, वरच्या घरी, खालच्या घरी. माझी बेल वाजत नाही. मुद्दाम कुणी करत नाही हो. त्यांना वाटतं मलाच वाईट वाटेल. एकदा एक नवीन राहायला आलेली मुलगी चुकून बोलवायला आली आणि मागून तिच्या सासूनं हाक मारून परत नेलं. ते पाऊल मला आजही ऐकू येतं.

२०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूरकडच्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवांच्या चालीरीती बंद करायचा ठराव केला. पेपरात आलं होतं. ते कात्रण मी कपाटात ठेवलंय, ह्यांच्या मेडलच्या डबीत.

सत्कार करा, मला राग नाही. फक्त विचारलं होतं कसं वाटतं, म्हणून लिहिलं.

चटणीभाकरी

ताई. काही लिहावंसं वाटत नाही. आईला वाचायला दिलं.

देशप्रथम

ताई, माझा आधीचा प्रतिसाद जरा तावातावाचा होता. तुम्हाला उद्देशून नव्हता.

गगनभरारी

आता माझं उलटं ऐका. हवाई दलात तांत्रिक शाखेत होतो, सार्जंट म्हणून निवृत्त. मला सत्कार आवडतो! खोटं कशाला बोलू? वीस वर्षं विमानाच्या पोटाखाली ग्रीसमध्ये गेली, कुणी टाळी वाजवली नाही. आता गावानं नाव घेतलं तर छाती फुगते.

पण मी एक अट घालतो. मला बोलवायचं तर बायकोला माझ्यासोबत स्टेजवर बोलवायचं आणि नारळ तिच्या हातात द्यायचा. माझ्या आठ पोस्टिंगांपैकी पाचांत ती सोलापुरात एकटी होती. सासऱ्यांचं आजारपण, दोन पोरांची ॲडमिशन, घराचं बांधकाम, सगळं तिनं. माझी आई गेली तेव्हा मी तिसऱ्या दिवशी पोचलो. पहिल्यांदा तिला स्टेजवर बोलावलं तेव्हा ती पदर नीट करत करत एवढी घाबरली की नारळ हातातनं निसटला आणि पाहुण्यांच्या पायावर. तो फोटो आमच्या हॉलमध्ये लावलाय.

कचेरीतला

ध्वजनिधीचं कुणीच बोललं नाही. ७ डिसेंबर, सशस्त्र सेना ध्वज दिन, १९४९ पासून पाळतात. आमच्या कचेरीत उद्दिष्ट ठरवून येतं, मग शिपाई स्टिकरचा गठ्ठा घेऊन टेबलाटेबलावर. लोक कुरकुरतात, स्टिकर कीबोर्डला चिकटवतात. पण ते पैसे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांमार्फत विधवांना, अपंग जवानांना, मुलांच्या वसतिगृहांना जातात. पॉलिस्टरच्या अकरा शालींचे पैसे तिकडं भरले असते तरी चाललं असतं. फोटो निघत नाही, एवढाच तोटा.

विजापूररोडी

मंडळी, अपडेट देतो. आणि कान धरतो.

काल संध्याकाळी धीर करून काकांच्या घरी गेलो. ते इस्त्री करत होते. पांढरा शर्ट, बाहीची घडी सुरीसारखी. म्हटलं, "काका, तुमच्या त्या शालीवरून सोसायटीत चर्चा चाललीय, खरं काय ते सांगा." त्यांनी इस्त्री उभी केली, कपाटातून कार्यक्रमाची पत्रिका काढली आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

त्यांच्या नावापुढं छापलं होतं : "कारगिल योद्धा".

१९९९ साली काका बेळगावला होते, मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरमध्ये, रिक्रूटांना शिकवायला. कारगिलला गेलेच नव्हते. पत्रिका मी टाइप केली होती, रात्री अकरा वाजता. पहिल्या नावापुढं "कारगिल योद्धा" लिहिलं आणि कॉपी करून अकराही नावांना चिकटवलं. आता चौकशी केली, तर अकरापैकी प्रत्यक्ष कारगिलला दोघं होते. तिघं तर १९९९ च्या आधीच निवृत्त झालेले. आणि निवेदकानं तेच मोठ्यानं वाचलं. ज्या लढाईत ५२७ जण गेले तिची पाटी मी दिसेल त्याच्या गळ्यात अडकवली.

काका म्हणाले, "स्टेजवर बोललो असतो तर तुझी फजिती. गप बसून शाल घरी आणली असती तर माझी चोरी. म्हणून खुर्चीवर ठेवली." मग थोड्या वेळानं, "वर माझ्या हाताखालची पोरं गेली होती." एवढं म्हणून दुसरा शर्ट घेतला.

आणि मी इथं तीन दिवस त्यांच्या मनाचा ठाव घेत बसलो होतो.

तर आता १५ ऑगस्टचं असं. पाहुणे नाहीत. भाषण नाही. प्रत्येकाकडं मी स्वतः जाऊन दल, वर्षं, कुठं होते ते लिहून आणतोय आणि छापायच्या आधी त्यांनाच वाचून दाखवणार. गगनभरारी, जोडीनं बोलावतोय. शालीऐवजी काय यावर अजून भांडण चालू आहे, चटणीभाकरी यांच्या चादरीला पाच मतं आहेत. हयातीच्या दाखल्यासाठी बी विंगची दोन कॉलेजची पोरं तयार झालीत.

माढ्याची लेक, तुमचा प्रतिसाद बायकोनं वाचला. आमच्या डी विंगमध्येही एक ताई आहेत. त्यांचे यजमान फौजेत नव्हते, एसटीत होते. श्रावणातला महिला मंडळाचा कार्यक्रम बायकोकडं आहे. मला म्हणाली, "तुझी यादी तू नीट कर, माझी मी करते." तिनं पहिलं नाव कुणाचं लिहिलं ते मी पाहिलं.

माढ्याची लेक

त्यांना माझा नमस्कार सांगा. दोघींनाही.

निवृत्त सॅपर

झेंड्याची दोरी आदल्या दिवशी ओढून बघा, ऐनवेळी कप्पी अडकते. फुलं मूठभरच घाला, ओली झाली की घडी सुटत नाही. आणि काका सेंटरला शिकवायला होते म्हणता? मग त्यांना काका कशाला म्हणता? रिक्रूट शिकवणाऱ्याला "उस्ताद" म्हणतात. एकदा तशी हाक मारून बघा.

विजापूररोडी

मारली. आज सकाळी तलावावर, मागून. "उस्ताद!" म्हटलं. काका जागच्या जागी थांबले, वळले, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

म्हणाले, "हात कोपरात मोडतोयस. खांद्यापासून सरळ. परत चालून दाखव."

दीड फेरी झाली. खांदा दुखतोय.